संगणक जागा होत नाही तेव्हा

विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही, तर तुम्ही काय करता? लगेच मोटर उपसून बाहेर काढता? नाही. आधी तिन्ही फेज आलेत का पाहता, मग फ्यूज, मग स्टार्टर, आणि मोटर फिरूनही पाणी चढत नसेल तर फुटव्हॉल्व्हकडे वळता. म्हणजे वीज जिथून येते तिथून सुरुवात करून पाणी जिथे पडते तिथपर्यंत तुम्ही क्रमाने जाता. हे कोणी शाळेत शिकवले नाही. मग घरातला टेबलावरचा संगणक एके दिवशी उठला नाही, की हीच शहाणी माणसे हातपाय का गाळतात? कोणी पेटीवर थाप मारतो, कोणी बटण दहादा दाबतो, आणि कोणीतरी शेजारचा येऊन सांगतो, "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारून टाका." हा फॉरमॅट शब्द तूर्त बाजूला ठेवा. त्याच्याशी माझा जुना हिशेब आहे, तो पुढे सांगतो.

बटण दाबल्यावर आत काय घडते, ते आधी पाहू. संगणकाची कामचलाऊ स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती वीज गेली की कोरी होते. कोणतेही काम करायला संगणकाला प्रोग्रॅम लागतो, आणि डिस्कवरचा प्रोग्रॅम उचलून आणायलाही प्रोग्रॅमच लागतो. मग पहिला आणणार कोण? बुटाच्या मागचा पट्टा धरून स्वतःच स्वतःला उचलायचे, अशी एक गमतीची कल्पना इंग्रजीत आहे. त्या पट्ट्याला म्हणतात बूटस्ट्रॅप, आणि त्यावरूनच संगणक 'बूट होतो' हा शब्द आला. प्रत्यक्षात तोड अशी काढली आहे, की मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये लहानसा प्रोग्रॅम कायमचा बसवून ठेवलेला असतो. त्याला बायॉस म्हणतात. नव्या यंत्रांत त्याच जागी यूईएफआय असते, पण बोलण्यात आपण बायॉसच म्हणतो. हा गडी पहिल्यांदा उठतो, रॅम, कीबोर्ड, पडदा यांची हजेरी घेतो, डिस्क शोधतो आणि डिस्कवरच्या एका छोट्या प्रोग्रॅमला खो देतो. तो विंडोजला खो देतो. विंडोज मग आपल्या बाकीच्या गड्यांना उठवते. संगणक अडला की तेव्हा एवढेच विचारायचे, खो कुठे अडला?

दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, काहीच हालचाल नाही, असे असेल तर खो सुरूच झालेला नाही. दोष विजेच्या वाटेवर आहे. भिंतीच्या सॉकेटात मोबाइलचा चार्जर लावून पाहा. मग यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीत लावा. यूपीएसमधली बॅटरी दोन-चार वर्षांत थकते, आणि थकलेला यूपीएस संगणकाला उठूच देत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पेटीच्या मागे, केबल जिथे शिरते तिथेच, एक लहान खटका असतो. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. झाडलोट करताना तो दाबला जातो आणि घरभर शोककळा पसरते! तो ठीक असेल, तर केबल काढा, सुरू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत साचलेली वीज निघून जाते, आणि मग पुन्हा लावून पाहा. एवढ्यानेही काही झाले नाही, तर संशय एसएमपीएसवर. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करणारी ही डबी. ती बदलता येते, पण उघडू मात्र नका. केबल काढल्यावरही तिच्यात धक्का देण्याइतकी वीज राहू शकते.

पंखा फिरतो पण पडदा काळा, ही दुसरी तऱ्हा. पडद्याची स्वतःची वीज आणि केबल पाहून घ्या. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर पडद्याची केबल त्या कार्डात हवी. पुष्कळदा ती चुकून शेजारच्या मदरबोर्डच्या भोकात गेलेली असते. पेटीतून 'पी पी' असे आवाज येत असतील तर ते मोजा. किती लांब, किती आखूड, ते कागदावर लिहा. ती बायॉसची तक्रार असते. प्रत्येक बनावटीची भाषा वेगळी, म्हणून अर्थ आपल्याला कळला नाही तरी मेकॅनिकला तो कागद उपयोगी पडतो.

या अवस्थेत आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारा दोष रॅमचा. दमट हवेने आणि धुळीने तिच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर थर बसतो. केबल भिंतीतून काढावी, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी, पट्टी काढून तिची सोनेरी कड साध्या खोडरबराने हलकेच पुसावी, कण फुंकून टाकावेत आणि 'कट्' असा आवाज होईपर्यंत पट्टी परत बसवावी. पॉलिश पेपर लावायचा नाही हं! दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. गुरुजी, हा प्रयोग विद्यार्थ्यांसमोर खुशाल करावा. दुरुस्ती म्हणजे जादू नव्हे, हे एका तासात पटते.

तिथेच मदरबोर्डवर रुपयासारखी एक चपटी बॅटरी दिसेल. तिच्यावर बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेले असते, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. ती तीन व्होल्टची. वीज नसताना संगणकाचे घड्याळ तिच्यावर चालते. रोज तारीख मागे जाऊन कुठल्यातरी जुन्या सालात पडत असेल, तर हिचे आयुष्य संपले. मग बायॉसही आपल्या नोंदी विसरतो आणि कोणत्या डिस्कवरून उठायचे, यात त्याचा गोंधळ होऊ शकतो. घड्याळजीच्या दुकानात ती थोड्या पैशांत मिळते.

आता तिसरी तऱ्हा. पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात, पण 'बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशा अर्थाचे काहीतरी लिहून संगणक थांबतो. पहिले काम, मागेपुढे कुठे पेनड्राइव्ह खोचलेला राहिला आहे का, ते पाहणे. बायॉस कधीकधी त्यालाच डिस्क समजून त्याच्यावर विंडोज शोधत बसतो. तसे नसेल तर बायॉसचे पान उघडा. बहुतेक यंत्रांत सुरू होताच डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबत राहिले की ते उघडते. तिथे डिस्कचे नाव दिसते का? दिसत नसेल, तर डिस्कच्या दोन्ही केबली काढून घट्ट बसवा. नाव दिसते पण विंडोज येत नाही, असे असेल, तर दोनतीनदा सुरू होण्यात अपयश आल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचे पान पुढे करते. त्यातली 'स्टार्टअप रिपेअर' ही वाट निर्धोक म्हणायची, फक्त डिस्क धडधाकट असावी लागते. 'रीसेट' या वाटेने जाताना मात्र पाटी नीट वाचा. एका फाट्यावर तुमच्या फाइली राहतात, दुसऱ्यावर सगळे जाते. आणि फाइली राहिल्या तरी तुम्ही घातलेले प्रोग्रॅम जातात. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका असतील, तर तो फाँट पुन्हा घालेपर्यंत त्या उघडल्यावर अगम्य खुणाच दिसतील.

चौथी तऱ्हा मंदपणाची, आणि खरे सांगायचे तर आजचा सगळा खटाटोप तिच्यासाठीच. बंद पडलेल्या यंत्राकडे माणूस लक्ष देतो, हळू झालेल्या यंत्राची त्याला सवय होते.

माझेच उदाहरण घ्या. आमचा संगणक पूर्वी दीड मिनिटात उठायचा. मग पाच मिनिटे लागू लागली, मग पंधरा. मी काय केले? सकाळी बटण दाबून आंघोळीला जाऊ लागलो. परत येईतो यंत्र तयार. वा, काय युक्ती! अधूनमधून पेटीतून टक् टक् असा आवाज येई, तो मी कानाआड केला. एका सोमवारी विंडोज आलेच नाही. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी फॉरमॅट करून नवे विंडोज घातले, मीही होकार दिला, आणि पाचव्या दिवशी डिस्कने कायमचे डोळे मिटले. तिच्यावर माझ्या आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, दोन दिवाळ्यांत बसून भरून घेतलेल्या. आत्या त्याच्या आधीच गेली होती.

काय झाले होते ते नंतर समजले. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या असतात, त्या मिनिटाला बहुधा ७,२०० वेळा फिरतात. वाचणारी सुई तबकडीला टेकत नाही, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगते. झीज, धक्का किंवा अचानक गेलेली वीज यांनी तबकडीचा एखादा भाग खराब झाला, की डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचू पाहते. तो वाचला जाईपर्यंत विंडोज ताटकळत उभे. हाच तो मंदपणा. म्हणजे ती पंधरा मिनिटे डिस्क मदतीला हाक मारीत होती आणि मी आंघोळ करीत होतो.

म्हणून मंद संगणकाबाबत क्रम उलटा धरा. आधी नक्कल, मग दुरुस्ती. लहान आणि पुन्हा न मिळणाऱ्या फाइली पहिल्यांदा उतरवा: निकालपत्रके, फोटो, आवाज. सिनेमे राहिले तरी चालतील. डिस्क टकटकत असताना रात्रभर तपासणीचे प्रोग्रॅम चालवू नका. मरायला टेकलेल्या बैलाला नांगराला जुंपण्यासारखे ते आहे. विंडोज येतच नसेल, तरी फाइली गेल्या असे समजू नका. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हमध्ये उबुंटू भरून घेतले, तर त्यावरून यंत्र उठते आणि जुन्या डिस्कवरच्या फाइली नुसत्या उचलता येतात. किंवा डिस्क काढून यूएसबीच्या केबलने दुसऱ्या संगणकाला लावता येते. एक अडचण मात्र येऊ शकते. पुष्कळ नव्या संगणकांत डिस्क कुलूपबंद असते आणि असल्या वेळी ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते का, ते संगणक चालू आहे तोवरच पाहून वहीत उतरवून ठेवा.

मंदपणा प्रत्येक वेळी डिस्कच्या आजाराचाच असतो असे नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सुरुवातीलाच उठणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. नको असलेले तिथेच बंद करा. डिस्क काठोकाठ भरली असेल तर थोडी जागा मोकळी करा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावर पुष्कळ यंत्रे पुरती झोपत नाहीत, लवकर उठता यावे म्हणून अर्धे काम जपून ठेवतात. काही बिनसले असेल तर 'रीस्टार्ट' करावे, त्यात सगळे नव्याने सुरू होते. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे खरे. पण तेवढ्याने संगणक मंद होत नाही. तसे सांगून कोणी नवे यंत्र गळ्यात मारू लागला, तर आधी जुन्यात एसएसडी बसवायला किती लागतील, ते विचारा. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे जुना संगणकही ताजातवाना होतो. ती मरताना मात्र बहुधा टक् असाही आवाज करीत नाही, तेव्हा नक्कल तिचीही हवीच.

तुमचा संगणक आज व्यवस्थित चालत असेल, तर हातात घड्याळ घेऊन बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंतचे सेकंद मोजा. तो आकडा आणि आजची तारीख चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवा. खाली बॅटरी कधी बदलली आणि शेवटची नक्कल कधी घेतली, यांसाठी दोन ओळी मोकळ्या सोडा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा मोजायचे. आकडा दुप्पट झाला, की त्याच दिवशी पेनड्राइव्ह काढा.