भरल्या फुलदाणीत फुले का सुकतात?

शाळेतील समारंभ आटोपला की पाहुण्यांसाठी आणलेले निशिगंधाचे दांडे स्टाफरूममधील फुलदाणीत येतात. खालची फुले उमलतात, पण वरच्या कळ्या बहुधा मिटलेल्याच सुकतात. फुलदाणीत पाणी तर भरपूर असते. मग ही फुले पाण्यावाचून तडफडतात ती का?

पाणी खाली असले तरी ते वर चढत नाही, हे त्याचे कारण. दांड्यातील जलवाहिन्या म्हणजे केसाहूनही बारीक नळ्या. पाने-पाकळ्यांतून बाष्प उडत असल्याने त्यांतील पाणी सतत वर ओढले जाते, ताणलेले असते. दांडा कापताच टोकातून हवा आत शिरते आणि तिचा बुडबुडा वाट अडवतो. म्हणून घरी आणल्यावर दांड्याचे टोक पाण्यात बुडवून दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा कापावे. सुरी धारदार हवी. बोथट कात्रीने नळ्या चेंगरतात.

दुसरा अडथळा जिवाणूंचा. कापलेल्या टोकातून पेशीरस झिरपतो, पाण्यात बुडालेली पाने कुजतात आणि त्यावर जिवाणू पोसले जातात. दांड्याला हात लावला तर जो बुळबुळीतपणा जाणवतो, तोच नळ्यांची तोंडे बुजवतो. जरबेराची मान वाकते तीही बरेचदा यामुळेच.

‘पाण्यात साखर घाला’ हा सल्ला येथे अर्धवट ठरतो. कळीला उमलण्यासाठी शर्करा लागते हे खरे. पण नुसती साखर घातली तर मेजवानी जिवाणूंचीच! साखरेबरोबर जंतुनाशक हवे, आणि किंचित आम्लता हवी, कारण आम्लधर्मी पाणी दांड्यातून अधिक सहज चढते. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा कपड्यांसाठीचे साधे द्रवरूप ब्लीच पुरते. मात्र ब्लीच व लिंबू एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही वेगवेगळे, भरपूर पाण्यातच घालावेत, आणि ब्लीच शिक्षकांनीच हाताळावे.

नाणे टाकण्याच्या उपायामागे तांब्याची जंतुनाशक शक्ती आहे असे सांगतात. आपली एक-दोन रुपयांची नाणी पोलादाची आहेत, तेव्हा तो विषय संपला.

फुलदाणी केळी-आंब्यांच्या टोपलीजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. शिकागोचे क्रॉकर आणि नाइट यांनी १९०८ साली दाखवले, की दिव्याच्या गॅसमधील इथिलीनच्या अत्यल्प अंशानेही उमललेली कार्नेशनची फुले मिटतात. सगळी फुले इतकी नाजूक नसतात, पण परीक्षा कशाला पाहा?

आठवी-नववीच्या वर्गाला हा प्रयोग सहज जमेल. निशिगंधाचे सारखे दांडे चार बाटल्यांत ठेवावेत: पहिलीत साधे पाणी, दुसरीत फक्त साखर, तिसरीत लिंबू व ब्लीच, चौथीत तिन्ही. रोज उमललेल्या कळ्या मोजाव्यात, पाणी गढूळ झाले का ते पाहावे, पातळीची खूण करावी. पाचवी बाटली तितक्याच पाण्याची, पण फुलांविना ठेवावी. तिच्यातील घट म्हणजे नुसते बाष्पीभवन. ती वजा केली की दांडा खरोखर किती पाणी प्याला ते कळते. आम्हाला स्वतःला सर्वांत बोलकी वाटते ती दुसरी बाटली.