साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांना कसं सांभाळायचे?
घर सोडून आलेलं मूल वर्गात गप्प असतं, तेव्हा कारण दरवेळी अभ्यासच असतं असं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी स्वतः शिक्षणासाठी लहानपणीच घराबाहेर पडले होते. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे वसतिगृहही सांभाळू लागले. खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की रागावण्याऐवजी ते स्वतःच आवरून ठेवत. आजारी मुलांची शुश्रूषा करत. मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहीत.

यामागचं सूत्र सोपं आहे: आधी विश्वास, मग शिस्त. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही मुलांच्या सामाजिक आणि भावनिक विकासावर भर आहे. सुरुवात मात्र साध्या प्रश्नाने होते: ‘बाळा, आज गप्प का?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.