कलाकाराची नोंद कुठे असते? कोरोना मदतीचे पाच हजार आणि आपल्या गावचा गोंधळी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पाल्हाळ थोडी छाटली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय जरा सरकारी वाटेल, पण स्किप करू नका. कोरोनात नाटक, तमाशा, गोंधळ, भजन, बँड, सगळं बंद पडलं. त्यानंतर सरकारने कलाकारांना मदत दिली. किती दिली, कोणाला दिली आणि कोणाला मिळालीच नाही, हे आज समजून घेऊ. मी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे कुठलीही योजना बघितली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: याचा डेटा कुठून आला? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावरच आहे.

बंद नेमकं कधी पडलं?

तारखा बघा. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभराचा लॉकडाऊन सुरू झाला तो त्याच दिवशी. पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला. त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी राज्यात कडक निर्बंध जाहीर केले, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून ते लागू झाले.

म्हणजे दोन्ही वर्षी कुऱ्हाड पाडव्यालाच पडली. लोककलावंतासाठी याचा अर्थ काय? पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक तिथे येतात आणि आपल्या जत्रेसाठी फड ठरवतात. आपल्याकडे त्याच सुमारास लग्नसराई तापलेली असते. लग्न झालं की घरी गोंधळ, वरातीला बँड, देवाला जागरण. गोंधळी, वाघ्या-मुरळी, हलगीवाले, बँडवाले यांची वर्षाची बरीचशी कमाई या तीन-चार महिन्यांत होते. शेतकऱ्याचा खरीप जसा, तसा यांचा उन्हाळा. सलग दोन खरीप गेले तर शेतकऱ्याचं काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

एप्रिल २०२१ च्या शेवटी लग्नाचा नियम काय होता आठवतंय का? पंचवीस माणसं आणि दोन तास. त्या पंचविसात संबळवाला कुठे बसवणार?

नाट्यगृहांचीही तीच कथा. मार्च २०२० मध्ये बंद. त्या नोव्हेंबरात अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू.

पाच हजारांची योजना

२०२१ च्या उत्तरार्धात राज्य मंत्रिमंडळाने प्रयोगात्मक कलांच्या कलाकारांसाठी एकरकमी मदत मंजूर केली. तेव्हा सांस्कृतिक कार्य मंत्री होते अमित देशमुख, म्हणजे आपल्या शेजारच्या लातूरचेच. राज्यातल्या ५६ हजार एकल कलाकारांना प्रत्येकी ५ हजार रुपये. गुणाकार केला तर २८ कोटी. संस्थांसाठी वेगळी तरतूद.

पहिल्या लॉकडाऊनपासून नाट्यगृहं दुसऱ्यांदा उघडेपर्यंत साधारण १९ महिने होतात. पाच हजार त्यावर पसरवले तर दिवसाला नऊ रुपयांपेक्षाही कमी. मधले काही महिने थोडंफार काम मिळालं असं धरलं, तरी हिशेब फार बदलत नाही.

पण रक्कम कमी होती एवढं म्हणून मला थांबायचं नाही. ते सगळेच म्हणतात. मला अटींकडे बघायचंय. महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य. कलेच्या क्षेत्रात १५ वर्षं काम. वार्षिक उत्पन्न ४८ हजारांच्या आत. वृद्ध कलावंत मानधन किंवा दुसरी वैयक्तिक सरकारी मदत घेणाऱ्याला ही योजना नाही. कागदपत्रं कोणती? तहसीलदाराचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, बँक खातं, आणि १५ वर्षं काम केल्याचे पुरावे.

यातला शेवटचा मुद्दा नीट ऐका.

पुरावा म्हणजे काय?

मी तेव्हा घरून काम करत होतो, उमरीतूनच. आमच्या घरी ज्यांनी दोन पिढ्यांचे गोंधळ घातले ते गोंधळी मामा एक दिवस आले. म्हणाले, "लेकरा, तुला कम्प्युटरचं कळतंय, एवढा फॉर्म बघ बरं." मी यादी वाचली आणि पुराव्याचं विचारलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "आज्यापासून संबळ वाजवायलोत आम्ही. हे घट्टे बघ की. अजून कसला पुरावा पाहिजे?"

२०२१ पासून १५ वर्षं मागे जा. २००६. तेव्हा आमच्याकडे फोन असला तर बटणांचा. गोंधळ्याला कोणी प्रमाणपत्र देत नाही, बिदागी देतात. पावती नाही, करार नाही, पोस्टर नाही. शहरातल्या नाटकवाल्याकडे निदान जाहिरातीचं कात्रण तरी निघतं.

मग पुरावा मिळाला कुठे? आमच्याच घरी. लग्नाच्या अल्बममध्ये. काकाच्या लग्नानंतरच्या गोंधळात मामा संबळ घेऊन उभे, आणि फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापलेली. मग गल्लीतल्या आणखी चार घरांतले अल्बम काढले. अर्ज गेला आणि पैसेही आले. पण त्यांच्यासोबत तुणतुणं वाजवणारा साथीदार तोवर रेल्वेत बसून हैदराबादला गेला होता, वॉचमनच्या कामाला. त्याने अर्ज केलाच नाही. गोंधळ काही एकट्याने उभा राहत नाही. एक माणूस गेला की सगळा संच मोडतो.

यादीत नाव असलेल्यांचं काय झालं?

आता मुख्य मुद्दा. १३ एप्रिल २०२१ च्या त्या भाषणातच मदतीचं पॅकेजही होतं. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, अधिकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, यांना प्रत्येकी दीड हजार रुपये. प्रत्येकाच्या आधीचा शब्द बघा: नोंदणीकृत, अधिकृत, परवानाधारक. ज्यांची यादी आधीपासून होती, त्यांची नावं निर्बंध जाहीर होतानाच घेतली गेली. बांधकाम कामगारांना तर कल्याणकारी मंडळामुळे २०२० च्या पहिल्या लाटेतही खात्यात पैसे मिळाले होते.

कलाकार त्या संध्याकाळच्या यादीत नव्हते. त्यांच्यासाठीचा निर्णय काही महिन्यांनी आला आणि त्यानंतर अर्ज, दाखले, छाननी. माझ्या भाषेत सांगायचं तर टेबलात नोंदच नसेल, तर कितीही चांगली क्वेरी लिहा, उत्तर रिकामंच येतं. सरकारने कलाकारांवर डूख धरला होता असं मला वाटत नाही. कलाकार कोण, हे संकट डोक्यावर आल्यावर शोधायला घेतलं, ही खरी अडचण.

बाहेर काय झालं?

ब्रिटनने जुलै २०२० मध्ये १५७ कोटी पौंडांचा सांस्कृतिक निधी जाहीर केला. आकडा प्रचंड आहे. पण तो मुख्यतः संस्थांना गेला: थिएटरं, संग्रहालयं, संगीतगृहं. त्यांच्याकडे ताळेबंद होते, तिकीटविक्रीचे हिशेब होते. तिथल्याही फ्रीलान्स कलाकारांची तक्रार हीच, की इमारती वाचल्या, माणसं लटकली. म्हणजे पैसा असला तरी तो कागदाच्याच वाटेने चालतो.

आयर्लंडने वेगळं केलं. २०२२ मध्ये २,००० कलाकार सोडत काढून निवडले आणि त्यांना तीन वर्षं दर आठवड्याला ३२५ युरो दिले. एकदाच हातावर टेकवण्याऐवजी नियमित उत्पन्न.

आपल्याकडे नियमित म्हणता येईल अशी योजना आहेच, आणि ती जुनी आहे. १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन मिळतं. आधी तीन श्रेणी होत्या, सगळ्यात खालच्या श्रेणीला महिना २,२५० रुपये. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि श्रेणी काढून सगळ्यांना महिना ५ हजार केले. कोरोनात जे एकदा मिळालं, ते आता पात्र ज्येष्ठ कलावंताला दर महिन्याला मिळू शकतं. पण वय साधारण पन्नाशीच्या पुढे लागतं, आणि पुरावा इथेही लागतोच. तिशीतल्या तुणतुणेवाल्याला ही योजना नाही.

आपण काय करू शकतो?

तुमच्या हातात स्मार्टफोन आहे म्हणून सांगतो.

१. घरातले जुने लग्नाचे, जत्रेचे अल्बम काढा. त्यात गोंधळी, शाहीर, भजनी, बँडवाले दिसले तर फोटो स्कॅन करा. फोटोमागे तारीख असेल तर तीही. मग ते त्या माणसाच्या घरी पाठवा.

२. यापुढे कार्यक्रम झाला की बिदागीसोबत एक चिठ्ठी द्या. नाव, तारीख, गाव, सही. दोन मिनिटांचं काम आहे.

३. जत्रा कमिटीत, गणेश मंडळात असाल तर पत्रिकेवर कलाकारांची नावं छापा. "लोककलेचा कार्यक्रम" एवढंच छापलं तर ते कोणाच्याच फाइलला लागत नाही.

४. आधार बँक खात्याला जोडलंय का, ते तपासून द्या. मंजूर झालेले पैसे इथेही अडकतात.

५. पन्नाशी ओलांडलेले कलावंत ओळखीचे असतील तर मानधनाच्या अर्जाची सध्याची पद्धत पंचायत समितीत विचारा. त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा.

आणि सरकारकडून मागायचंच असेल तर एक गोष्ट मागू: बांधकाम कामगारांसारखी लोककलावंतांची कायमची नोंदणी. वर्षभर उघडी, आणि ग्रामपंचायतीचा ठराव पुरावा म्हणून धरणारी. माळेगावच्या खंडोबाला, माहूरच्या रेणुकेला दरवर्षी शेकडो कलावंत येतात. तिथे एक टेबल, एक लॅपटॉप टाकला तरी किती नावं जमतील, विचार करा. पुढचं संकट महामारीचंच असेल असं नाही. दुष्काळ पडला तरी पहिली काटछाट गोंधळाच्या बिदागीतच होते.

आज इथेच थांबतो. तुमच्या गावात कोणते कलावंत आहेत आणि त्यांच्याकडे काय कागद आहे, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. तोवर ते अल्बम तेवढे काढा. भेटू!