जुना तंबोरा घ्यावा कीं न घ्यावा ?

घरांत कोणी गाणें शिकूं लागलें म्हणजे तंबोऱ्याचा प्रश्न आज ना उद्यां निघतोच. ठाण्याच्या खाडीकाठचें करावे हें आगरी-कोळ्यांचें जुनें गांव आज नवी मुंबईच्या वस्तीनें वेढलेलें आहे. तेथील एखाद्या बिऱ्हाडांत मुलगी ख्याल शिकत आहे, आणि मिरजेचा एक जुना तंबोरा विकाऊ असल्याचें कळलें आहे, असें समजूं. जुन्या वाद्याचा नाद नव्यास येत नाहीं, असें वडील म्हणतात; पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल, असें आजोबा म्हणतात. दोघांच्याहि म्हणण्यांत अर्धें अर्धें सत्य आहे. तें कोणतें, हें पाहावयाचें.

मिरजेच्या तंबोऱ्याचा लौकिक खोटा नव्हे. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांना धार लावण्याचा धंदा मंदावल्यावर तेथील शिकलगारांपैकीं फरीदसाहेब हे तंतुवाद्यें घडवूं लागले, आणि त्यांच्या वंशजांनीं ती कला पुढें चालविली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु मानांकन गांवच्या कलेचें असतें. समोर ठेवलेल्या एका वाद्याची प्रकृति त्यावरून कळत नाहीं. तीच गोष्ट विक्रेत्यांच्या कथांची. खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२-१९३७) यांचें मिरजेंत वास्तव्य होतें. त्यामुळें 'हा तंबोरा खांसाहेबांच्या मागें वाजलेला आहे', ही कथा तेथील कोणत्याहि जुन्या वाद्यास सहज चिकटते. पुरावा नसेल तर कथा ऐकावी, तिचे पैसे देऊं नयेत.

पहिला प्रश्न वयाचा नव्हे, मापाचा. पुरुषी तंबोरा सुमारें पांच फूट लांबीचा असतो, जनानी त्याहून आंखूड. पुरुषाचा षड्ज काळी एकच्या आसपास धरला आणि मुलीचा काळी चारचा, तर दोहोंत षड्ज-पंचमाचें अंतर पडतें. म्हणजे कंपनसंख्या दीडपट होते. तीच तार तितकीच लांब ठेवून दीडपट चढवावयाची, तर ताण सव्वादोनपट करावा लागतो. तो ताण तबलीवर व दांडीवर येतो, आणि तारा तुटूं लागतात. बारीक तारा घातल्यास ताण उतरतो खरा. पण तारेची सोसण्याची शक्तीहि त्याच मानानें उतरते. तेव्हां मुलीसाठीं पुरुषी तंबोरा, मग तो कितीहि उत्तम असो, कामाचा नाहीं.

माप जुळलें म्हणजे तारा छेडून पाहाव्या. बहुतेक खरेदीदार येथेंच फसतात. आवाज बद्द निघाला तर वाद्य टाकून देतात, झणझणीत निघाला तर भुलून घेतात. वस्तुतः तो आवाज बव्हंशीं घोडीवर अवलंबून असतो. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा किंचित गोलाई देऊन घासलेला असतो. कंप पावणारी तार त्या माथ्यावर टेकत-उठत राहते, आणि तारेखालीं सरकविलेला दोरा हें टेकणें नेमक्या जागीं आणून देतो. त्यामुळें मूळ स्वराबरोबर वरचे पुष्कळ स्वरांश उमटतात. ज्या बिंदूवर तार छेडावी तेथें ज्या स्वरांशाची स्थिर गांठ पडते तो स्वरांश सामान्य नियमानें उमटूं नये. परंतु तंबोऱ्यांत व वीणेंत तोहि उमटतो, असें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं निबंध लिहून दाखविलें. हीच जवारी. तारांच्या घर्षणानें घोडीवर चरे पडले कीं जवारी जाते, आणि कुशल कारागीर घोडी घासून ती परत आणतो. तारा, दोरा, मणी हे तर केव्हांहि बदलतां येतात. सारांश, कानाला जें प्रथम कळतें तेंच सर्वांत सहज दुरुस्त होतें. जें दुरुस्त होत नाहीं तें मुकें असतें.

त्या मुक्या भागांची परीक्षा बोटांनीं व डोळ्यांनीं करावी. भोपळा जाड सालीचा असतो. पंढरपुराकडे पिकलेला भोपळा त्यासाठीं वाळवून वापरतात. त्यावर सर्व अंगांनीं टिचक्या माराव्या. एकाच जागीं नाद फुटका आला तर तेथें भेग असण्याचा संभव. वाद्याखालीं पांढरें कापड पसरावें. त्यावर पिठासारखी भुकटी पडली तर आंत कीड आहे. एकाच ठिकाणीं नवें रोगण दिसलें तर त्याखालीं काय आहे तें विचारावें. तुणीच्या लाकडाची दांडी खुंट्यांकडून एक डोळा मिटून न्याहाळावी. बांक किंवा पीळ असल्यास दिसून येतो. तबलीला किंचित फुगवटा असतो. घोडीखालीं तो जाऊन खळगा पडला असेल तर दुखणें मोठें. सर्वांत महत्त्वाचा गळा, म्हणजे भोपळा व दांडी यांचा सांधा. चारी तारा स्वरांत लावाव्या, खुंट्यांवर पेन्सिलीची खूण करावी, आणि वाद्य रात्रभर ठेवावें. सकाळीं खुंटी न फिरतां तारा बऱ्याच उतरल्या असतील, तर गळा सुटत चालला आहे कीं काय तें कारागिराकडून पाहून घ्यावें.

घोडी किंवा नक्षी हस्तिदंताची, म्हणून किंमत अधिक, असें कोणी सांगितलें तर मात्र तेथेंच थांबावें. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यांत १९८६ व १९९१ सालीं दुरुस्त्या होऊन देशी तसाच आफ्रिकेंतून आलेल्या हस्तिदंताचाहि व्यापार बंद झाला. पाश्चात्त्य देशांत जुन्या गिटारी घेणारांसहि अशीच अडचण येते. ब्राझीलच्या शिसवी लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून कडक निर्बंधाखालीं आहे.

शेवटीं घराची हवा. मिरज कोरड्या पठारावर, करावे खाऱ्या खाडीवर. पावसाळ्यांत येथें पोलादी तारा गंजतात, खुंट्या फुगून अडकतात, सरसाचे सांधे ढिले होतात. तंबोरा बाहेरच्या ओल्या भिंतीस टेकूं नये, गवसणींत ठेवावा, फार दिवस वाजवावयाचा नसेल तर तारा उतरून ठेवाव्या. एवढी निगा होणार नसेल तर सरावापुरता विजेचा तंबोरा पुरे. त्यांत कमीपणा नाहीं.

माप जुळत असेल आणि मुके भाग निकोप असतील, तर आवाज बद्द असला तरी तंबोरा घ्यावा, आणि जवारीचा खर्च किंमतींतून वजा मागावा. माप चुकलें असेल, किंवा भोपळा किडलेला व गळा सुटलेला असेल, तर तो कितीहि गोड बोलला तरी नमस्कार करून परत करावा. वाद्याचें वय हा गुण नव्हे आणि दोषहि नव्हे. त्या वयांत त्यास कोणी कसें सांभाळलें, हेंच काय तें विकत घ्यावयाचें असतें.