घाट चढणारी रेल्वे : दात, रूळ आणि माणसे

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अवकाळी पावसाने निसरड्या झालेल्या चढावर अडला, तर काय होते हे आपल्या जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. इंजिन गुरगुरते, काळा धूर ओकते, मोठी चाके जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागे घसरू लागते. मग ऊसतोड कामगार धावत जाऊन चाकांखाली दगड लावतात. इंजिनात शक्ती नसते असे नव्हे; चाकाला जमिनीची पकड मिळत नसते. रेल्वे आणि डोंगर यांच्यातील झगडा हा मुळात याच पकडीचा झगडा आहे.

रेल्वेचे चाक पोलादाचे, रूळही पोलादाचा. सपाटीवर हा मोठाच लाभ, कारण घर्षण कमी असल्याने थोड्या ओढीत प्रचंड ओझे वाहून नेता येते. चढावर मात्र हाच गुण अवगुण ठरतो. १२० टन वजनाचे विजेचे इंजिन घेऊ. रूळ कोरडे असले, तर ते आपल्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे ३० टनांची ओढ देऊ शकते. त्यापुढे चाके जागीच फिरू लागतात. आता १००० टनांची गाडी ३७ फुटांमागे १ फूट अशा चढावर उभी करा. केवळ उतारामुळे तिला मागे खेचणारा जोर २७ टनांचा होतो. म्हणजे बेरीज-वजाबाकी जेमतेम जुळते, आणि पावसाची एक सर आली की तीही मोडते. ३७ फुटांत १ फूट हा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही. बोरघाट आणि थळघाट या आपल्या दोन्ही रेल्वेघाटांचा तो सर्वांत तीव्र चढ आहे.

यावर एक उपाय म्हणजे रुळांना दात देणे. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पोलादी पट्टी बसवायची आणि गाडीच्या पोटाखालील दातेरी चाक तिच्यात अडकवायचे. दात दातात बसला की घसरणे उरत नाही. स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावर १८७१ मध्ये अशी गाडी धावू लागली. भारतात ती एकाच ठिकाणी आहे, निलगिरीत. मेट्टुपालयम ते कुन्नूर हा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला, १९०८ मध्ये तो उटीपर्यंत पोहोचला. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात १२ फुटांमागे १ फूट एवढा चढ असून तो दातांच्याच आधाराने चढला जातो.

फ्रान्समधील लिओं शहरात तर चक्क मेट्रोला दात आहेत. तेथील क्रुआ-रूस ही टेकडी रेशीम विणकरांची. याच विणकरांनी १८३१ मध्ये विणाईच्या किमान दरासाठी बंड केले होते. टेकडीवर जाण्यासाठी १८९१ मध्ये दोराने ओढली जाणारी गाडी सुरू झाली. १९७४ मध्ये दोर काढून तेथे दातेरी पट्टी बसवण्यात आली आणि १९७८ मध्ये हा मार्ग मेट्रोत सामील झाला. तेथे १०० मीटरमागे साडेसतरा मीटरपर्यंत चढ आहे, आणि एका स्थानकाचा फलाटच तिरका आहे. सर्व चाकांना मोटारी जोडल्या तर कोरड्या रुळांवर असा चढ कदाचित दातांविनाही चढता येईल. पण पावसात, मध्येच थांबताना आणि विशेषतः उतरताना त्याचा भरवसा धरता येत नाही.

वर्गात हा भाग शिकवताना आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दातेरी पट्टी गाडीला ढकलत नाही. चढण्याचे सारे कष्ट गाडीच्या मोटारींचेच असतात. पट्टी केवळ ते कष्ट घसरणीत वाया जाऊ देत नाही. राखीव जागांना कुबड्या म्हणणाऱ्यांनी हे यंत्र एकदा वाकून पाहावे.

महाराष्ट्रात मात्र दात बसले नाहीत. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी वळणे घेत घेत, रस्ता लांबवून चढ सौम्य करते. बोरघाटात खंडाळ्याजवळ वळण घेण्यापुरतीही जागा नव्हती. तेथे गाडी एका टोकाशी थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि गाडी उलट्या दिशेने वर निघे. हा प्रकार १९२९ पर्यंत चालला. आजही कर्जत आणि कसारा येथे बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून इंजिने जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती पुढे न जोडता मागे जोडण्याचे कारण साधे आहे. सगळी ओढ पुढूनच लागली तर डब्यांच्या जोडण्यांवर फार ताण येतो. शिवाय एखादी जोडणी तुटलीच, तर सुटलेले डबे मागच्या इंजिनाने सावरता येतात. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून शिर्डीला येणारी वंदे भारत गाडी थळघाट बँकरविना चढते, कारण तिच्या निम्म्या आसांना मोटारी आहेत. ओढीचा भार एकट्या इंजिनावर न पडता डब्याडब्यांत वाटला जातो आणि डब्यांचे वजनही पकडीच्या कामी येते.

हे झाले यंत्राचे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला जास्त खटकते ते पुढचे. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली. त्यांच्या कागदपत्रांत बोगदे, पूल आणि चढ यांचा फूट-इंचांत हिशेब आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेले, हेही नोंदलेले आहे. त्या बाईंचे धैर्य मान्य करायलाच हवे. पण काम ऐन भरात असताना या घाटात ४० हजारांहून अधिक मजूर होते, त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. पटकी आणि तापाने त्यांतले हजारो दगावले. त्यांची नावे कोठे आहेत? १८५९ च्या आरंभी मजुरीच्या प्रश्नावरून येथे दंगल उसळली, तिची चौकशी झाली, म्हणून निदान एवढे तरी कळते की ही माणसे मुकाट नव्हती.

घाट बांधून संपत नाही, तो रोज राखावा लागतो. पावसाळ्यात दरड पाहणे, सुटलेल्या खिळ्या ठोकणे, खडी भरणे हे काम गँगमनचे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये आपल्या जिल्ह्यातून गेला, आणि त्याच्या एका टोकाला, मनमाड येथे, १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी त्यांनी तेथे केली, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. त्या भाषणातला रेल्वेचा तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून भरती होई आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढी. त्याला हमालाचीही जागा सहसा मिळत नसे, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचीही कामे करून घेत आणि अस्पृश्याला घरात घेणे त्यांना चालत नसे. रेल्वेच्या कारखान्यांत मेकॅनिकच्या जागांची दारेही त्याला बंद होती. बोरघाट आणि थळघाट हे दोन्ही याच कंपनीचे. ज्या रुळांच्या पकडीवर मेलगाड्या घाट चढत, ते रूळ राखणाऱ्याला स्वतःला एक पायरी चढण्याची मुभा नव्हती.

कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यातील अनेक घरांत आजोबा किंवा पणजोबा रेल्वेत होते, असे पालक-सभेत आमच्या कानी येते. त्यांचे नाव, गाव, कोणत्या स्थानकाजवळच्या गँगमध्ये ते होते, कधी लागले आणि कोणत्या पदावर निवृत्त झाले, एवढे चार ओळींत लिहून माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. जुना पास, बिल्ला किंवा छायाचित्र असल्यास त्याची प्रतही जोडावी. त्यासाठी आम्ही एक वेगळी वही घातली आहे.