मरळीच्या पिलांचे संगोपन व टाकीची निवड

गोदावरीच्या खोऱ्यात सापडणाऱ्या भक्षक माशांमध्ये मरळीचे स्थान वेगळे आहे. ब्लॉख याने १७९३ साली ‘ऑफिसेफॅलस स्ट्रायाटस’ या नावाने तिचे वर्णन केले. आज तिचा समावेश ‘चन्ना’ या वंशात होतो. मांस घट्ट, काट्यांचा त्रास कमी, आणि अंग ओले राहिल्यास पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहण्याची शक्ती, या गुणांमुळे बाजारात तिला रोहू-कटल्यापेक्षा चांगला भाव मिळतो. शेजारच्या तेलंगणाने २०१६ मध्ये तिला राज्यमत्स्य ठरविले. मृग लागताना हैदराबादेत दम्यावरील उपाय म्हणून मरळीचे जिवंत पिलू गिळण्याची प्रथाही प्रसिद्ध आहे. त्या उपायाच्या गुणावगुणांशी येथे कर्तव्य नाही. परंतु एकाच वेळी हजारो जिवंत पिले लागतात, ती आणावयाची कोठून, हा प्रश्न मात्र मत्स्यशास्त्राचा आहे.

मरळ मोठी करणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते तिचे पिलू बोटुकलीच्या आकारापर्यंत नेणे. या अवस्थेत होणारी हानी बहुतांशी रोगाने होत नाही. ती होते भावंडांच्या तोंडून, आणि टाकीची निवड चुकल्यास ती कोणत्याही औषधाने थांबत नाही.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली आरक्षणाच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. गोदावरी जवळ असूनही ज्या टापूतील शेतीला पावसाच्या लहरीवर आणि साठविलेल्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते, त्या टापूतले हे गाव. २०१२-१३ च्या अवर्षणात याच जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, आणि त्यानंतर प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांकडे लोकांचा ओढा वाढला. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एवढे पाणी हाताशी असता मरळीची पिले थेट त्यातच का सोडू नयेत, असा विचार साहजिकच मनात येतो. तो टिकत नाही. का टिकत नाही ते मरळीच्या श्वसनावरून आणि भक्षणाच्या रीतीवरून उलगडते.

मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठविणारा कोष असतो. पूर्ण वाढ झालेल्या माशाला केवळ कल्ल्यांवर जगता येत नाही. पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेणे त्याला अपरिहार्य असते. मरळीला पृष्ठभागापासून अडविले तर ती पाण्यातही गुदमरून मरते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे पाण्याची खोली हा श्रमाचा प्रश्न आहे. तळाशी विसावणाऱ्या पिलाला प्रत्येक घोटासाठी वर येऊन पुन्हा खाली जावे लागते, आणि या येरझाऱ्यांत खर्च झालेले अन्न वाढीच्या कामी येत नाही. मदुराई येथे पांडियन व विवेकानंदन यांनी १९७६ च्या सुमारास निरनिराळ्या खोलीच्या काचपात्रांत या माशाची पिले ठेवून हेच दाखवून दिले: पाणी जितके खोल, तितका प्रवास अधिक, आणि खाल्लेल्या अन्नाच्या मानाने वाढ कमी. तीन मीटर खोलीचे शेततळे पिलांना या कारणानेच मानवत नाही. दुसरी गोष्ट व्यावहारिक आहे. शेततळ्यात कापडी हापा बांधून त्यात पिले ठेवणाऱ्याने झाकणाची जाळी पाण्याला टेकू देऊ नये. जाळी आणि पाणी यांत वीतभर मोकळी हवा हवी. कार्पच्या हाप्यात झाकण पाण्यात बुडाले तरी बिघडत नाही. मरळीच्या हाप्यात तीच चूक सर्वनाश करते.

मात्र मरळ कसल्याही पाण्यात जगते, ही तिची ख्याती नुकत्याच निपजलेल्या पिलांना लागू पडत नाही. तरंगणाऱ्या अंड्यांतून सुमारे एका दिवसात पिले बाहेर पडतात. त्या वेळी श्वसनकोष तयार झालेला नसतो, आणि पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच त्यांची भिस्त असते. तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या संपृक्त पाण्यातही हा वायू दर लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. कूपनलिकेच्या ताज्या पाण्यात तो पुष्कळदा त्याहून बराच कमी असतो. म्हणून असे पाणी उंचावरून धारेने पाडून, एक दिवस उघड्यावर ठेवून मगच टाकीत घेणे हितावह ठरते.

आता भक्षणाचा विचार. मरळ भक्ष्याचे तुकडे करीत नाही. ते सबंध गिळते. त्यामुळे कोण कोणाला खाईल हे तोंडाचा आवाका आणि भक्ष्याच्या अंगाची जाडी यांवरून ठरते. स्थूलमानाने, आपल्या लांबीच्या निम्म्याहून थोडे अधिक लांब भावंड पिलू गिळू शकते. एकाच घरट्यातील पिले आरंभी जवळजवळ सारखी असल्याने पहिले काही दिवस शांततेत जातात. नंतर दोन-चार पिले पुढे जातात. ती एक-दोन भावंडे खातात, त्या खाद्याने आणखी वाढतात, आणि मग गिळण्याजोग्या भावंडांची संख्याही वाढते. अंतर स्वतःलाच वाढवीत जाते. पोटभर खाद्य दिल्याने हा क्रम मंदावतो, बंद पडत नाही. खरा उपाय एकच: साधारण दर आठवड्याला चाळणीने पिलांची प्रतवारी करून लहान, मध्यम व मोठी वेगळी ठेवणे.

शेततळ्यात सोडलेल्या पिलांची प्रतवारी करणे अशक्यप्राय असते. म्हणून एका मोठ्या टाकीपेक्षा तीन-चार उथळ टाक्या श्रेष्ठ. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि आरंभी तीस सेंटिमीटर पाणी असलेली सिमेंटची टाकी किंवा ताडपत्रीचा हौद या कामास पुरतो. काचेचे मत्स्यपात्र निरीक्षणास उत्तम, पण संगोपनास अपुरे. शिवाय चोहोबाजूंच्या उजेडाने पिले बुजतात. नव्या सिमेंटमधून चुना सुटून पाणी अतिशय अल्कधर्मी होते, तेव्हा अशी टाकी कित्येक वेळा भरून रिकामी केल्याखेरीज वापरू नये. लपण्यासाठी वनस्पती थोडी असावी. ती दाट झाली तर पृष्ठभाग झाकतो आणि प्रतवारीच्या वेळी नेमकी आडदांड पिलेच तिच्या मुळांत दडून राहतात.

उथळ टाकीचा मोठा दोष म्हणजे पाणी लवकर बिघडते. वरील टाकीत सहाशे लिटर पाणी असते. चाळीस टक्के प्रथिने असलेले शंभर ग्रॅम खाद्य दिले, तर त्यात ६.४ ग्रॅम नायट्रोजन जातो. त्याचा निम्मा भाग अमोनियाच्या रूपाने बाहेर पडला असे धरल्यास एका दिवसात दर लिटरला पाच मिलिग्रॅमहून अधिक अमोनिया-नायट्रोजन जमतो. त्यापैकी विषारी भाग किती, हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. तीस अंशाला सामू सात असेल तर तो एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू आठ असता साडेसात टक्के, आणि नऊ असता चाळीस टक्क्यांच्या वर जातो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पाणी सामान्यतः कठीण व अल्कधर्मी असते. त्यात शेवाळाने दुपारी सामू आणखी चढतो. यास्तव खाद्य सकाळी व सायंकाळी विभागून द्यावे, उरलेले लगेच काढावे, आणि तळाचे पाणी रोज काही प्रमाणात बदलावे. ते पाणी वाया जात नाही. मोसंबीच्या आळ्यात ते खताचे काम करते. पाण्याच्या प्रत्येक घागरीचा हिशेब ठेवणाऱ्या गावात ही सोय गौण मानता येणार नाही.

विणीचा हंगाम पावसाळ्यात असल्याने ढगांची सावली पिलांना आपोआप मिळते. तथापि मराठवाड्यात ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की उथळ पाणी दुपारी झपाट्याने तापते. अर्ध्या टाकीवर सावलीची जाळी त्यासाठीच असावी. खाद्याचा क्रम प्राणिप्लवकापासून सुरू होऊन ट्युबिफेक्स, माशाचा बारीक खिमा आणि शेवटी तयार गोळीखाद्य असा जातो.

पिले हाताच्या बोटाएवढी झाली की ती शेततळ्यात सोडण्यास हरकत नाही. त्यात रोहू-कटल्याचे लहान बीज असेल तर ते मरळीचे खाद्य होईल, एवढे लक्षात ठेवावे. त्याचप्रमाणे पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री मरळ ओल्या बांधावरून सरपटत बाहेर पडते. म्हणून तळ्याच्या काठाभोवती जमिनीत पुरलेली हातभर उंचीची बारीक जाळी पिले सोडण्यापूर्वीच लावलेली असावी.