गुमीचे बोन्साय

सह्याद्रीतील आंबगुळीची एक जपानी बहीण आहे : 'नावाशिरो-गुमी'. नावाशिरो म्हणजे भाताचा तरवा. त्या दिवसांत, वसंतात, हिची फळे पिकतात. फुले मात्र शरदातली, सुगंधी. पानांची पाठ रुपेरी. असे देखणे झाड कुंडीत घडवताना हात उतावीळ होतो आणि तेथेच घात होतो. गुमीची फांदी पुष्कळदा काही कारण न दाखवता वाळून जाते. म्हणून छाटताना खोडालगत कापू नये. थोडा खुंट राखावा, तो वाळल्यावर काढावा. तारेचे वळण कोवळेपणीच द्यावे. जून लाकूड वाकत नाही, मोडते. आणि आज नकोशी वाटणारी एखादी फांदी राहू द्यावी. उद्या डौलदार फांदी वाळली, तर हीच झाडाचा तोल सावरील.